तड

रात्रीचा दीड. वडगावात माग थांबलेत,
म्हणजे दाब नीट आहे
आणि दोष द्यायला वीज मंडळही उरलेलं नाही.

पडदा म्हणजे शेडची चुन्याची भिंत.
तिच्यावर एक तांबडं वर्तुळ.
मी खुंटी फिरवतो, वर्तुळ मोठं व्हायला हवं.
होतं.
पण मी हात काढून, चहाचा कप उचलून
फुंकर घालेपर्यंत
होतच राहतं.

"तड," गुरुसिद्ध म्हणतो.
त्याच्या कन्नडात तड म्हणजे उशीर.
माझ्या मराठीत तड म्हणजे काठ,
जिथं एकदाचं पोचायचं असतं ती जागा.
वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो
आणि हा शब्द एकमेकांना आज दाखवला.

जत्रेला चार दिवस.
मंगाईपुढच्या स्टेजवर येळ्ळूरचा बेंजो,
ताशाच्या ठोक्याला मागं रंग फुटायला हवा.
उशिरा फुटला तर लोक हसत नाहीत,
नुसतं पडद्याकडं बघायचं सोडतात.
हसलेलं परवडलं.

आधी वायर बदलली.
मग हब काढून थेट लॅपटॉपात खुपसली.
प्रोसेसरची काटकसर बंद केली,
पंखा असा भरारला
की पत्र्यावरचं मांजर उठून गेलं.
आवाजाचा बफर एक हजार चोवीसवरून
एकशे अठ्ठावीसवर आणला.
कान म्हणाले, फरक आहे.
भिंत म्हणेना.

शेवटी चित्र बंद करून
टर्मिनलात नुसते आकडे सोडले.
खुंटी एकवीस: चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस.
बोट हललं की आकडा हजर.
म्हणजे वायर निर्दोष, कर्नेल निर्दोष,
कॅम्पातल्या इनास फर्नांडिसनं विकलेली,
कोपऱ्यात मेणबत्तीचा डाग असलेली
आठ खुंट्यांची पेटीही निर्दोष.
दुपारी फोनवर त्याला मी नाही नाही ते बोललो होतो.
एवढ्या रात्री माफी कशी मागायची?

"काय करूलास तिकडं, इकडं बघ की."
गुरुसिद्ध कोड वाचतो ते बोट लावून,
ताण्यातला तुटका धागा हुडकावा तसं.
बोट थांबलं.
हे सॉफ्टवेअर एका चित्रामागं
एकच निरोप आत घेतं.
आमच्या या म्हाताऱ्या लॅपटॉपवर
सेकंदाला चित्रं वीस.
एका फिरकीचे निरोप एकशे सत्तावीस.
भागाकार मी पाठीमागच्या पुठ्ठ्यावर केला:
सहा सेकंदं, वर थोडं.

पहाणीच्या खिडकीसारखं.
एक माणूस आत, शिक्का, मग पुढचा,
आणि पुढच्याला ठाऊकही नाही
की त्याचं काम केव्हाच बदललंय.
तिथं मी तीन तास उभा होतो गेल्या साली.
अर्ज कन्नडात आणा म्हणाले.
गुरुसिद्धनं लिहून दिला, स्कूटरच्या सीटवर,
आणि माझ्या आडनावात एक ळ जास्त घातला.
तो अजून तसाच आहे, सरकारदरबारी.

तीन ओळी बदलल्या.
आत आलेली सगळी रांग एका दमात घे,
शेवटचा तेवढा ठेव,
बाकीच्यांना सोड.

खुंटी फिरवली.
वर्तुळ हाताला चिकटून आलं,
जसं ओल्या पिठाचं बोट.

आम्ही ओरडलो नाही, शेजारी झोपलेले.
मी नुसती फिरवत राहिलो, हळू, जोरात, उलटी.
जोरात फिरवली की वर्तुळ मधली वाट गाळून
थेट पलीकडं उडी मारतं.
मधले ते शंभरभर
कुणी पाहिलेच नाहीत.
मी विचारलं, त्यांचं काय करायचं?
गुरुसिद्ध जांभई देत म्हणाला,
ते येऊन गेले की.

सहाला रेणुकाक्का आल्या, साडीचा पदर खोचून,
दोन नंबरच्या मागाचं बटण दाबलं.
पहिल्याच ठोक्याला भिंत थरारली,
आणि तिच्यावरचं आमचं तांबडं वर्तुळ
तिच्याबरोबरच,
एक चित्रसुद्धा मागं न राहता.